आधी रक्त मिसळले, मग दारे बंद झाली : डीएनए काय सांगतो आणि बाबासाहेब काय सांगत होते

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आमच्या मोबाईलवर एक संदेश हमखास येतो. ‘डीएनएने सिद्ध झाले, ते परके आणि आपण मूळचे.’ पाठवणारे आपलेच तरुण असतात. दुसऱ्या बाजूने राखीगढीचा सांगाडा पुढे करून ‘आर्य इथलेच’ असे सांगणारे संदेश येतात. दोघेही विज्ञानाचाच हवाला देतात. आम्ही या संशोधनाचे निष्कर्ष वाचले, तेव्हा लक्षात आले की या भांडणात खरी बातमी हरवली आहे. ती बातमी कोण आधी आले आणि कोण नंतर, याची नाही. ती जातीच्या वयाची आहे.

२०१३ साली हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. भारतीय उपखंडातील ७३ समाजगटांतील ५७१ जणांचा डीएनए त्यांनी तपासला. निष्कर्ष असा, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले वेगवेगळ्या वंशावळींचे लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले. ब्राह्मण असोत, दलित असोत की भिल्लांसारखे आदिवासी, या मिश्रणातून कोणीही सुटलेले नाही. नंतर मात्र हे मिसळणे थांबत गेले आणि लोक आपापल्या गटातच लग्ने करू लागले.

हे कसे कळते? पत्त्यांचे दोन कॅट घ्या, एक लाल पाठीचा आणि एक निळ्या पाठीचा. ते एकावर एक ठेवून पिसायला लागा. सुरुवातीला लाल पत्त्यांचे मोठे गठ्ठे सलग राहतात. जितके जास्त पिसाल तितके ते गठ्ठे लहान होत जातात. डीएनएचेही तसेच आहे. दर पिढीला एकदा पत्ते पिसले जातात. गठ्ठे मोठे असतील तर मिश्रण ताजे, लहान असतील तर जुने. आपल्या बहुतेक समाजांत हे गठ्ठे लहान आहेत. म्हणजे मिश्रण जुने आहे आणि नंतर नवे पत्ते येणे जवळजवळ बंद झाले.

२०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब केला. त्यांच्या मते उच्चवर्णीयांमध्ये ही दारे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण गुप्त राजवटीच्या काळात बंद झाली. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. ते अंदाज आहेत, आणि दारे सगळीकडे एकाच दिवशी बंद झालेली नाहीत. पण दोन्ही संशोधने एक गोष्ट सारखीच सांगतात : दार सुरुवातीपासून बंद नव्हते. ते कोणीतरी बंद केले.

आता ९ मे १९१६ ही तारीख आठवा. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात २५ वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. डीएनएची रचना तेव्हा कोणालाच माहीत नव्हती. तरी त्यांची मांडणी हीच होती : भारतातील लोक आधीच मिसळलेले आहेत, आणि जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे कुंपण टिकवायला सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा राबवल्या गेल्या, म्हणजे कुंपणाचा भार स्त्रीच्या देहावर टाकला गेला. पुढे १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिले, की वंश मिसळून गेल्यावर बऱ्याच काळाने जाती जन्माला आल्या. म्हणून जात म्हणजे वंश नव्हे. ज्या काळात रिस्लेसारखे इंग्रज अधिकारी नाके मोजून जातींची उतरंड लावत होते, त्याच काळातली ही मांडणी आहे. पुढे १९४८ साली नाकांच्या मोजमापांचाच आधार घेऊन बाबासाहेबांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, असा निष्कर्ष काढला.

एक अवघड मुद्दा टाळून चालणार नाही. २०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा होता. साठाहून अधिक नमुन्यांतून हा एकच हाती लागला. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने सांगितले, की तो अंश इ. स. पूर्व २००० ते १५०० च्या सुमारास इथे आला, आणि आज काही ब्राह्मण गटांत तो तुलनेने जास्त आढळतो. म्हणजे ‘आर्य इथलेच’ हा दावा टिकत नाही. पण बाबासाहेबांनीही १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त नाकारला होता. मग काय करायचे? आमचे उत्तर सरळ आहे. स्थलांतर झाले, हे नवे पुरावे मान्य करायचे. कोणताही ग्रंथ तर्कापेक्षा मोठा मानू नका, हे आम्ही बाबासाहेबांकडूनच शिकलो. आक्रमण झाले की नाही हे डीएनए सांगत नाही, आणि शुद्ध वंश तर कोणाचाच सापडलेला नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे. रक्ताची टक्केवारी मोजू नका. जो जास्त जुना त्याचा देशावर जास्त हक्क, हा युक्तिवाद उद्या कोणाविरुद्धही वापरता येतो. आपला हक्क हाडांवर नाही, समतेच्या तत्त्वावर आणि संविधानावर उभा आहे.

बंद दारांची किंमत शरीरही मोजते. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक गट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले, की त्यांच्यात दुर्मिळ आनुवंशिक आजारांचा धोका जास्त असू शकतो. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिली जाणारी काही स्नायू शिथिल करणारी औषधे अनेकांना सोसत नाहीत, हे त्याचे ठळक उदाहरण. जातीने फक्त आपल्यालाच छळले असे नाही. ज्यांनी दारे लावली त्यांनीही स्वतःला आत कोंडून घेतले.

आणि दारे आजही बंदच आहेत. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण जेमतेम ५ टक्के होते. दार ओलांडणाऱ्या जोडप्यांचे आजही खून पडतात. पोटजात बघून स्थळ शोधणारी घरे आपल्या वस्तीतही आहेत, हे प्रामाणिकपणे कबूल करू या. फॉरवर्ड केलेल्या संदेशाने हे दार उघडणार नाही. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्यामागे आपण उभे राहिलो, तर उघडेल. जे सत्तर पिढ्यांपूर्वी बंद झाले, ते एका पिढीत उघडायला घेता येते.

जय भीम.