अक्षवृत्ते व रेखावृत्ते
पृथ्वीवरील ठिकाणाचे स्थान अंशांत सांगण्यासाठी कल्पिलेल्या रेषा. अक्षवृत्ते विषुववृत्ताला समांतर असून ध्रुवांकडे लहान होत जातात. रेखावृत्ते ही दोन्ही ध्रुवांना जोडणारी, सारख्या लांबीची अर्धवर्तुळे. त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर सु. १११ किमी., मुंबईच्या अक्षवृत्तावर (सु. १९° उ.) १०५ किमी., तर ६०° अक्षांशावर जेमतेम ५६ किमी. भरते.

अक्षांश काढणे सोपे : ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास जितके अंश वर दिसतो, तितका तेथील उत्तर अक्षांश. रेखांशाने मात्र दर्यावर्दींना शतकानुशतके छळले. पृथ्वी ४ मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे रेखांशातला फरक हा मुळात वेळेतलाच फरक. तो भर समुद्रात कळायचा तर बिनचूक घड्याळ हवे. ते सुतारकाम करणाऱ्या जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात घडवले, हे या विषयातले सर्वांत विलक्षण प्रकरण होय.

विषुववृत्त निसर्गानेच नेमून दिले आहे; मूळ रेखावृत्त माणसांना ठरवावे लागते. भारतीय ज्योतिर्विदांनी ते उज्जैनवरून मानले, १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिचवरून. भारताचे प्रमाण रेखावृत्त ८२° ३०' पू. आहे. मुंबईची स्थानिक वेळ त्याहून सु. ३९ मिनिटे मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही शहरात ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती.