उंदरांची सनावळी

लहानपणी आजी म्हणायची, वेळूला फुलोरा आला की दुष्काळ येतो. बी.ए. झाल्यावर मी तिला हसलो होतो. पुढे शाळेत इतिहास शिकवताना मिझोराम दोन ओळींत उरकायचो. १९६६चा उठाव, १९८६चा करार, चला पुढचा धडा! उठाव का झाला, हे एकाही पोराने विचारलं नाही. विचारलं असतं तर माझीच पंचाईत झाली असती. कारण त्यात उंदीर होते...

तिथल्या डोंगरांवर 'माउ' नावाचा बांबू रानंच्या रानं व्यापून आहे. तो साधारण ४८ वर्षांनी एकदाच, सगळा मिळून फुलतो, फळतो आणि मरतो. म्हणून 'माउताम', बांबूचं मरण. फळ नासपतीएवढं (बांबू म्हणजे शेवटी गवतच, आणि गवताला एवढं फळ!). रानातल्या उंदरांना मेजवानीच. मादी तीनेक आठवड्यांत विते, पिल्लंही दोन-तीन महिन्यांत वीण घालू लागतात. हिशेब तुम्हीच करा. फळं खाऊन संपली, उरलेली रुजली, की ही फौज रातोरात भातशेतात उतरते. भातही संपलं की उंदीर उपासमारीने मरतात आणि संख्या पुन्हा खाली येते.

१९११ चा माउताम पाहिलेली माणसं १९५८ साली हयात होती. त्यांनी खुणा ओळखल्या. त्या ऑक्टोबरात मिझो जिल्हा कौन्सिलने आसाम सरकारकडे आगाऊ १५ लाख रुपये मागितले. मागणी फेटाळली गेली. (माझ्यासारखाच कुणी बी.ए. झालेला बसला असेल तिथे.) १९५९ मध्ये बांबू फुलला, उंदीर आले, माणसं उपाशी राहिली. मदतीसाठी लालडेंगांनी दुष्काळ निवारणाची संघटना उभारली, तिचीच १९६१ साली मिझो नॅशनल फ्रंट झाली. १९६६ च्या मार्चमध्ये ऐजॉलवर बॉम्ब पडले, तेही आपल्याच विमानांतून. करार व्हायला आणखी २० वर्षं गेली.

२००७ च्या वेळी मात्र सरकारने आधीच तयारी केली होती. उंदराच्या शेपटीला आधी एक, मग दोन रुपये. लोकांनी लाखोंनी शेपट्या आणून दिल्या. तरीही पुष्कळांचं भात गेलंच.

पुढची पाळी २०५५ च्या सुमारास. तेव्हा आमचा नातू पन्नाशीला टेकला असेल. सन पाठ करून घेतला आहे त्याच्याकडून.