चरबी पचवतं कोण? सशाच्या पोटातलं उत्तर

१८४६ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या शास्त्रज्ञाने चरबी खाल्लेल्या सशाचं पोट उघडून पाहिलं. मला वाटतं, अर्धं काम सशाच्या शरीरानेच केलं होतं. सशात पित्ताची नळी आतड्याच्या सुरुवातीलाच उघडते, स्वादुपिंडाची मात्र साधारण फूटभर खाली. (पित्त म्हणजे आपली ॲसिडिटी नव्हे हं, यकृतातला हिरवट-पिवळा रस.) चरबी शोषून नेणाऱ्या बारीक नळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण त्या स्वादुपिंडाच्या नळीच्या खालीच! म्हणजे एकट्या पित्ताने भागत नाही.

मग पित्त बिनकामाचं? चाळीसेक वर्षांनी बर्नारचाच शिष्य आल्बेर दास्त्र याने कुत्र्याचं पित्ताशय आतड्याला बरंच खाली जोडलं. आता नळ्या पांढऱ्या दिसल्या त्या या जोडाच्या खाली. दोन्ही रस लागतात तर!

म्हणून आजही शौचाला तेलकट, तरंगणारं होत असेल तर डॉक्टर दोन्हीकडे बघतात. रंग मातीसारखा फिका आणि डोळे पिवळे, तर पित्ताची वाट अडल्याचा संशय. रंग फिका नाही पण वजन घटतंय, तर स्वादुपिंडाचा. त्यासाठी शौचातलं इलॅस्टेज तपासतात. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, बरं का. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ दोन्ही वाटा एकदम अडवू शकते.