भुंगा (झायलोकोपा)

भुंगा किंवा भ्रमर ही हायमेनॉप्टेरा गणाच्या एपिडी कुलातील झायलोकोपा या प्रजातीच्या माश्यांना मराठीत रूढ असलेली संज्ञा आहे. आकाराने मोठा, काळाभोर, पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेला व उडताना घुमणारा आवाज करणारा हा कीटक रत्नागिरी जिल्ह्यात कौलारू घरांच्या वाशांभोवती आणि वाळलेल्या बांबूंवर नेहमी दिसतो. मधमाशीचा तो जवळचा आप्त असला तरी पोळे बांधत नाही.

नावातील संदिग्धता

‘भुंगा’ हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो. माडाचा कोवळा कोंब कुरतडणारा गेंड्या भुंगा आणि खोड पोखरणारा सोंड्या भुंगा हे कोकणातील बागायतदारांचे शत्रू होत. परंतु ते कोलिऑप्टेरा गणातील, म्हणजे कठीण पंखकवच असलेले भुंगेरे आहेत. त्यांचा या माशीशी नावापलीकडे संबंध नाही. ती जिवंत माडाला उपद्रव देत नाही, तरीही नामसाम्यामुळे कीड समजून मारली जाते.

दुसरा घोटाळा कोशांमुळे होतो. इंग्रजीतील ‘बंबलबी’ला सर्रास ‘भुंगा’ हा प्रतिशब्द दिला जातो. बंबलबी म्हणजे बॉम्बस ही स्वतंत्र प्रजाती. जगात तिच्या अडीचशेहून अधिक जाती असून भारतात त्या मुख्यतः हिमालयात व ईशान्येकडील डोंगराळ भागात राहतात. एकट्या काश्मीर हिमालयातून पॉल विल्यम्स यांनी १९९१ मध्ये २९ जाती नोंदविल्या. कोकणच्या उष्ण-दमट किनाऱ्यावर त्या आढळत नाहीत. जुन्या मराठी वाङ्मयातील भ्रमर कोणता, याचा निर्णय ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातील दृष्टान्तावरून करता येतो. कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असे तेथे म्हटले आहे. लाकूड कोरणे हे झायलोकोपाचेच लक्षण आहे. बंबलबी लाकूड कोरत नाही.

वर्गीकरण

लिनियसने १७५८ मध्ये यांतील एस्टुअन्स या जातीचे वर्णन केले, ते मधमाशीच्या एपिस प्रजातीत घालून. १८०२ मध्ये लात्रेय यांनी झायलोकोपा ही प्रजाती वेगळी केली. बॉम्बस प्रजातीही त्यांनीच त्याच वर्षी स्थापिली. झायलोकोपा या ग्रीक नावाचा अर्थ ‘लाकूड कापणारा’ असा आहे. हिच्या सुमारे ५०० जाती ज्ञात असून त्या अनेक उपप्रजातींत विभागल्या जातात. लॅटिपेस, टेनुइस्कापा व फेनेस्ट्राटा या भारतातील परिचित जाती होत. काही जातींत नर व मादी यांचे रंग अगदी भिन्न असतात. एस्टुअन्सची मादी काळी व पिवळ्या वक्षाची, तर नर सर्वांगी पिवळसर हिरवट असतो. साहजिकच जाती ठरविताना बराच गोंधळ झाला आहे.

बंबलबीपासून भुंगा ओळखणे सोपे आहे. बंबलबीचे उदर दाट केसाळ असते, भुंग्याचे वरून बहुधा तुळतुळीत व चकचकीत. बंबलबीच्या मागच्या पायांवर परागकरंडी असते. भुंग्याच्या पायांवर केवळ केसांचा झुपका असतो.

जीवनक्रम

मादी मृत लाकडात किंवा बांबूत आपल्या देहाच्या जाडीएवढे वाटोळे भोक पाडते. ती लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकते किंवा बिळात आडपडदे घालण्यास वापरते. प्रत्येक कप्प्यात पराग व मकरंद यांचा गोळा आणि त्यावर एक अंडे असते. सर्व कीटकांत आकाराने सर्वांत मोठ्या ठरलेल्या अंड्यांत या प्रजातीची गणना होते. बिळाच्या तोंडाशी घिरट्या घालून माणसाच्या अंगावर येतो तो नर. त्याला नांगी नसतेच. मादीला ती असते, पण डिवचल्याखेरीज ती दंश करीत नाही.

परागीभवन

वांग्याच्या फुलातील पराग बारीक छिद्रातून बाहेर पडतो. मादी फूल धरून छातीचे स्नायू थरथरविते, तेव्हा तो झडतो. मधमाशीला हे साधत नाही. रुईचे परागीभवनही प्रामुख्याने भुंगेच करतात. उलट, लांब नळीच्या फुलांना बाहेरून छेद देऊन ते मकरंद चोरतात, हेही नमूद केले पाहिजे.

भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन व रेनी बोर्जेस यांना टेनुइस्कापा ही जाती वारस वृक्षाच्या फुलांवर रात्री येताना आढळली (२००१). त्याच जंगलातील ट्रँक्वेबारिका ही जाती चांदणे नसलेल्या रात्रीही उडते आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले.