क्लाइव्ह सलिव्हन : दोन तटांचा नायक

रग्बी हा मूळचा इंग्लंडातील शाळांचा खेळ. पुढे उत्तर इंग्लंडातील गिरण्यांत व खाणींत राबणारे लोक तो खेळू लागले, तेव्हा सामन्यापायी बुडालेली मजुरी खेळाडूस भरून द्यावी की नाही, असा वाद उपस्थित झाला. नियामक मंडळाने नकार दिला आणि १८९५ साली हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील संघांनी आपली वेगळी चूल मांडली. तेरा गड्यांच्या ‘रग्बी लीग’ या धंदेवाईक खेळाचा उगम तो हाच. जेथे पैसा मोजून माणूस घ्यावयाचा, तेथे त्याच्या पायांतील वेगाची पारख आधी होते. क्लाइव्ह सलिव्हन यांस हे दार उघडले, ते या पारखीमुळेच.

कृष्णवर्णीय कुटुंबातील सलिव्हन यांचा जन्म १९४३ साली वेल्समधील कार्डिफ शहरी झाला. बालपणी त्यांच्या पायांवर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हा मुलगा नीट चालू तरी शकेल काय, याची डॉक्टरांस शंका होती. पुढे ते सैन्यात दाखल झाले. १९६१ साली हल या बंदरी शहरातील ‘हल’ संघाने त्यांची परीक्षा घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांस करारबद्ध केले. मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन धावणे हे त्यांचे काम. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकविणे यास ‘ट्राय’ म्हणतात. हलसाठी त्यांनी असे २५० ट्राय केले.

१९७२ साली ते ग्रेट ब्रिटनचे कर्णधार झाले. प्रमुख खेळातील ब्रिटिश राष्ट्रीय संघाचे नेतृत्व कृष्णवर्णीय खेळाडूकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. इंग्लंडच्या फुटबॉल संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९७८ साली, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. लिऑन येथील अंतिम सामन्यात सलिव्हन यांनी बहुतेक सारे मैदान एकट्याने कापून ट्राय केला. ऑस्ट्रेलियाशी १०-१० अशी बरोबरी झाली, जादा वेळही निष्फळ ठरला. परंतु साखळीतील सरस कामगिरीमुळे चषक ब्रिटनकडे आला. त्यानंतर २०२२ पर्यंतच्या एकाही स्पर्धेत तो कोणत्याही ब्रिटिश संघास जिंकता आला नाही.

हल नदी शहराचे दोन भाग करते. पश्चिमेचा संघ ‘हल’, पूर्वेचा ‘हल किंग्स्टन रोव्हर्स’. दोहोंच्या चाहत्यांतील वैर पिढीजात. सलिव्हन १९७४ साली पूर्वेकडे गेले, तेथेही त्यांनी ११८ ट्राय केले. १९८० साली वेम्बली येथे चॅलेंज कपाच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले. रोव्हर्सने १०-५ असा विजय मिळविला, त्या वेळी सलिव्हन जुन्या संघाविरुद्ध खेळत होते. तरीही पश्चिमेचा लोभ आटला नाही. ते तेथे परतले आणि १९८२ साली, एकोणचाळीसाव्या वर्षी, त्या संघासही तोच चषक मिळवून देण्यात सहभागी झाले.

१९८५ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. शहरात शिरणाऱ्या मुख्य रस्त्यास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. नदीच्या कोणत्याही तीरावर जावयाचे असो, पश्चिमेकडून येणारा प्रवासी ‘क्लाइव्ह सलिव्हन वे’ या रस्त्यानेच हलमध्ये प्रवेश करतो.