सुरतेतील दादोबा



सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन वर्षे आठवतात. त्यात वावगे काही नाही. परंतु या शहराशी मराठीचा आणखी एक ऋणानुबंध आहे आणि तो शाळेच्या वर्गात जुळलेला आहे. शाळेने योजलेल्या या व्याख्यानात एका शिक्षकाचीच कथा सांगणे मला उचित वाटते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्या काळी मराठी गद्य मुख्यतः दप्तरांत आणि पत्रांत नांदत होते. लिपी मोडी; हात न उचलता सलग लिहिलेली; शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद नाही. पत्राचा मायना आणि शेवट ठरलेला. या पद्धतीस नावे ठेवणे अन्यायाचे होईल. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच दप्तरात मुरलेले कारकून असत. त्यांना अर्धा शब्द पुरे होई. अडचण उभी राही ती पत्र परक्या हाती पडल्यावर.

व्यापारी पेढ्यांची गत याहून बिकट होती. काना-मात्रा गाळून लिहिण्याच्या महाजनी रीतीविषयी एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. ‘काकाजी अजमेर गये’ असे मुनिमाने कळविले. घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड सुरू केली! गोष्ट रचलेली असेल. पण हुंडी आणि निरोप यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांना तिच्यातील धोका समजावून सांगावा लागत नाही.

दादोबांच्या व्याकरणाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. नव्या शाळांतील मुलाला कारकुनाच्या हाताखाली वर्षानुवर्षे न घालविता शुद्ध वाक्य लिहिता यावे, यासाठी नियम सांगणे भाग होते. त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा साचा घेतला आणि तो मराठीला काही ठिकाणी काचला, हे मान्य केले पाहिजे. विरामचिन्हांची व्यवस्था पुढे मेजर कँडी यांनी १८५० मध्ये स्वतंत्र पुस्तिकेत मांडली. आज पूर्णविराम देताना आपल्याला या परदेशी माणसाची आठवणही होत नाही.

१८४० नंतरच्या काही वर्षांत दादोबा सुरतेच्या इंग्रजी शाळेत प्रमुख शिक्षक होते. येथे त्यांना दुर्गाराम मेहताजी भेटले. २२ जून १८४४ रोजी दोघांनी इतर मित्रांसह मानवधर्म सभा स्थापिली. जातिभेद, विधवांची दशा, मंत्रतंत्र यांवर येथे उघड चर्चा होई. मांत्रिकांना आपली विद्या सिद्ध करण्याचे आव्हान दिले जाई. अशा सभेत शास्त्रीबुवांची समासप्रचुर भाषा चालत नाही आणि दप्तरी संकेतही चालत नाहीत. मंडळींपैकी एक मराठीभाषक, इतर गुजराती; समोर विरोधक बसलेले. आपले म्हणणे कोणालाही उलट अर्थ काढता येणार नाही असे मांडणे, ही तेथे शैलीची हौस नव्हती. वाक्य सैल पडले तर मांत्रिकच जिंकणार!

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले. तेथे १८४९ मध्ये परमहंस सभा उभी राहिली, पण ती गुप्त. १८६०च्या सुमारास तिची कागदपत्रे बाहेर गेली, सभासदांची नावे फुटली आणि सभा विसकटली. सुरतेच्या सभेला लपविण्यासारखे काही नव्हते. तीही फार वर्षे टिकली नाही. मात्र दुर्गारामांनी तिच्या कामकाजाची रोजनिशी राखली होती. महिपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये दुर्गारामांचे चरित्र लिहिले ते तिच्याच आधारे, आणि त्या सभेत कोण काय बोलले हे आपल्याला कळते तेही त्यामुळेच.