सर्पदंशाचा रुग्ण: परीक्षेपूर्वीची उजळणी

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला सर्पदंश हा विषय दोनदा भेटतो. न्यायवैद्यकशास्त्रात तो साप ओळखायला शिकतो आणि मेडिसिनमध्ये उपचार करायला. मात्र रुग्णालयात बहुतेक वेळा साप समोर नसतो, फक्त रुग्ण असतो. म्हणून उपचाराचा निर्णय सापाच्या नावावरून नव्हे, तर लक्षणांवरून घ्यावा लागतो. उजळणीही त्याच क्रमाने करावी.

चार साप, चार चित्रे

नाग: दंशाची जागा दुखते, सुजते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास मंदावतो.

मण्यार: दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. वेदना जवळजवळ नसते, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या मिटू लागतात.

घोणस: सूज वेगाने चढते, रक्त गोठत नाही, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

फुरसे: सूज येते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाते.

वीस मिनिटांची चाचणी

कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत शिरेतले २ मिली ताजे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात, मग एकदाच तिरकी करतात. रक्त ओघळले, तर ते गोठलेले नाही आणि प्रतिविषाची गरज आहे. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असल्यास उत्तर फसवे येते.

प्रतिविष कधी, किती?

विषबाधेची लक्षणे दिसली तरच प्रतिविष द्यायचे. साप चावला, पण लक्षणे नाहीत, तर रुग्णाला २४ तास देखरेखीखाली ठेवतात. भारतातले प्रतिविष वरील चारही सापांवर चालते. सुरुवातीला साधारण १० कुप्या शिरेतून देतात. लहान मुलांनाही मात्रा तेवढीच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला यकृताला वेळ लागतो, म्हणून पुढची चाचणी ६ तासांनी करतात.

प्रतिविषाची ॲलर्जी जीवघेणी ठरू शकते. अंगावर पित्त उठले, दम लागला किंवा रक्तदाब घसरला, तर प्रतिविष थांबवून ॲड्रेनॅलिन स्नायूत देतात. प्रौढांसाठी मात्रा ०.५ मिग्रॅ. रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सुरू करतात.

हमखास चुकणारे मुद्दे

• ॲट्रोपिनसोबत दिलेल्या निओस्टिग्मिनचा नागदंशात उपयोग होतो. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे तिथे सहसा फरक पडत नाही.
• दंशावर चीर देणे, विष चोखणे, आवळपट्टी बांधणे चुकीचे. हातपाय फळी बांधून स्थिर ठेवावा.
• श्वास थांबत आला असेल, तर आधी श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर, मग बाकी सर्व.

शेवटचा मुद्दा मण्यारीच्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाचा. तो डोळे उघडत नाही, हलत नाही, बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. पाहणाऱ्याला तो मृत वाटू शकतो. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असून भोवतीचे बोलणे ऐकत असू शकतो. काही दिवस कृत्रिम श्वास मिळाला, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन चालत घरी जाऊ शकतो.